पहिली हाफ आयर्नमॅन, गोव्याचा उकाडा आणि सोबत घरची मंडळी

प्रश्न विचारणारे साताऱ्याचे आहेत. वय 43, बँकेत नोकरी. यवतेश्वरच्या घाटातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून झाली आहे, पोहायला गेल्या वर्षी शिकले आणि आता गोव्याच्या आयर्नमॅन 70.3 ला, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायच्या हाफ आयर्नमॅन शर्यतीला, नाव घातलंय. पहिलीच वेळ. गेल्या रविवारी भर दुपारी सायकल मारून पळायला गेले तर पोटऱ्यांत गोळे आले, डोकं गरगरलं, आणि तेव्हापासून धास्ती बसली आहे. त्यात बायको, दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेले वडील ‘आम्हीपण येणार’ म्हणून बसलेत. त्यांना न्यावं का, नेलं तर ते नेमकी काय मदत करू शकतील आणि त्या दिवशी हवामान बिघडलं तर काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

मी कोल्हापुरात ट्रायथलॉनचं, म्हणजे अशा तीन खेळांच्या शर्यतींचं, कोचिंग करतो. गोवा, मलेशियातलं लंगकावी अशा दमट ठिकाणी स्वतः उतरलोय, आणि बायको उतरते तेव्हा बॅरिकेडच्या बाहेर तिची वाट बघत उभाही राहिलोय. त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं बोलता येईल.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच आहे. उन्हात पाय थकण्याच्या आधी अक्कल गहाण पडते. थांबावं, चालावं की पळत राहावं हे ठरवायची वेळ येते, तेव्हा ते ठरवायला तुमच्याइतका नालायक माणूस त्या रस्त्यावर दुसरा नसतो. वर बॅरिकेडपलीकडे पोरं उभी असतात, नोकरीतून रजा काढून आलेली बायको असते, ‘आमचा मुलगा आयर्नमॅन’ असं गावभर सांगून ठेवलेले वडील असतात. हवामान चांगलं असेल तर या मंडळींमुळे हुरूप येतो. हवामान वाईट असेल तर त्यांच्याच भीडेपोटी माणूस नको तेवढा रेटतो. म्हणून घरच्यांना जरूर न्या, पण नेण्याआधी त्यांच्याशी काही गोष्टी ठरवून घ्या. काय ठरवायचं ते पुढे लिहितो.

त्याआधी एक सांगतो. डोकं गरगरलं असं तुम्ही सहज लिहून गेलात, मी ते सहज घेणार नाही. चाळिशीनंतर एवढा ताण देणार असाल तर आधी डॉक्टरकडे जाऊन तपासण्या करा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती कोणती आहे, हेही त्यांच्याशी बोला. काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, आणि उन्हात या दोन्हींचा हिशेब बदलतो. हे मला इथे बसून कळणार नाही. माझं पुढचं सगळं बोलणं डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला आहे असं धरून आहे.

आता उकाड्याबद्दल. अंतरं तुम्हाला पाठ असतीलच: 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 पळणं. सुरुवात उजाडताना होते. तुमच्यासारख्या पहिलटकराला पोहायला पाऊण ते एक तास, सायकलला साडेतीन तासांच्या आसपास, कपडे-बूट बदलण्यात दहा-बारा मिनिटं, असं धरलं तर तुम्ही पळायला सुरुवात कराल ती साडेअकराच्या सुमारास. जे पहिल्या पाच-दहात येतात ते तोवर घामाघूम होऊन सावलीत बसलेले असतात. म्हणजे एकाच शर्यतीत सर्वांत कडक ऊन वाट्याला येतं ते सर्वांत कमी अनुभव असलेल्याच्या. हे नीट समजून घ्या, कारण तुमची सगळी आखणी त्या साडेअकरानंतरच्या दोन-अडीच तासांसाठी असायला हवी.

सायकलवर असताना ताशी पंचवीस-सव्वीसच्या वेगाने तुम्ही स्वतःच वारा तयार करता, त्यात घाम वाळतो आणि अंग थंड राहतं. उतरून पळायला लागलात की तो वारा एकदम ताशी आठ-नऊवर येतो. अंगात उष्णता तेवढीच तयार होत असते, पण बाहेर जायची वाट बंद होते. सायकलवरून उतरल्यावर पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये ‘अरे, आता काय झालं?’ असं वाटतं ते याच्यामुळे. त्यात गोव्याची दमट हवा. घाम वाळला तरच अंग गार होतं. हनुवटीवरून ठिबकून रस्त्यावर पडलेला घाम काहीच गार करत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. तुमची यवतेश्वरची शर्यत पावसाळी गारव्यात होते, तिथली वेळ गोव्याला धरून चालू नका.

शरीराला उन्हाची सवय लावता येते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातलं पाणी वाढतं, त्याच वेगाला ठोके कमी पडतात. शर्यतीच्या दोन दिवस आधी पणजीत जाऊन राहण्याने यातलं काही होत नाही. साताऱ्यात बसूनही बरंच जमतं: ट्रेनर (सायकल घरात जागच्या जागी चालवायचा स्टँड) असेल तर पंखा बंद करून तासभर सायकल, किंवा दुपारच्या वेळी हळू पळणं. हळू म्हणजे खरंच हळू, सोबत कुणीतरी असताना, फोन आणि पाणी घेऊन. तुमचे गोळे आणि गरगरणं बहुधा इथलंच आहे. सवय नसताना, नेहमीच्या वेगाने, थेट दुपारी. दहा दिवसांत हळूहळू वाढवत नेलं तर फरक दिसेल.

पाण्याबद्दल लोक टोकाचे सल्ले देतात. ‘भरपूर प्या’ हा त्यातला सर्वांत धोकादायक. घामाने जाणारं पाणी माणसागणिक वेगळं असतं, तासाला अर्ध्या लिटरपासून दीड-दोन लिटरपर्यंत. त्यामुळे माझा आकडा तुम्हाला कामाचा नाही, तुमचा तुम्ही काढा. उघड्या अंगाने वजन करा, तासभर पळा, घाम पुसून पुन्हा वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर गेलं. मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. हे काम बायकोवर सोपवा, ती आकडे वहीत लिहील आणि तुम्हाला थापा मारता येणार नाहीत. शर्यतीत गेलेलं सगळं पाणी भरून काढायचं नसतं, थोडी तूट राहिलेली चालते. शर्यतीनंतर वजन वाढलेलं निघालं तर मात्र ती काळजीची गोष्ट. नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं ऊन लागलं, म्हणून तो आणखी पाणी पाजतो. याच कारणाने शर्यतीच्या आधी किंवा मधे अंगदुखीच्या गोळ्या घेऊ नका. आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात आणि हा धोका वाढवतात.

मिठासाठी ओआरएस चांगलं, पण ते अन्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरात 2.6 ग्रॅम मीठ आणि फक्त 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. तुम्हाला सायकलवर तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं लागतील, ती एनर्जी जेल (पाकिटातला गोड घट्ट पाक), केळी, खजूर, जे पोटाला मानवतं त्यातून घ्या. दुकानात ओआरएसच्या जवळपासचं नाव लावून गोड पेयं मिळत आली आहेत, तेव्हा पाकिटावरचं सूत्र वाचून घ्या. आणि शर्यतीच्या दिवशी नवीन काही तोंडात टाकायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

हवामान बिघडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ऊन ही पहिली, झाली. दुसरी परतीच्या पावसाची. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाट होऊन सर येऊ शकते. विजा असतील किंवा समुद्र खवळलेला असेल तर पोहणं लांबवायचं, कमी करायचं की रद्द करायचं हे आयोजक ठरवतात, तुमच्या हातात काही नाही. हे पहिल्यापासून चालत आलंय. हवाईतली दुसरी आयर्नमॅन 1979 मध्ये खराब हवेमुळे एक दिवस पुढे ढकलली गेली. पन्नासेक लोक जमले होते, प्रत्यक्ष उतरले पंधरा. उरलेल्यांना कुणी भित्रे म्हटलं नाही. पावसात सायकल चालवायची वेळ आली तर टायरची हवा थोडी कमी ठेवा, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या आणि गटाराची झाकणं टाळा, वळणाच्या आधी ब्रेक लावून मोकळे व्हा. रिम ब्रेक (चाकाची कड दाबून धरणारे) असतील तर ओले झाल्यावर ते पहिले काही मीटर नुसते सरकतात, हे साताऱ्यातच एकदा भिजून अनुभवून ठेवा.

पोहण्याबद्दल तुमच्या पत्रात भीती दिसते, पण मला तिथे कमी काळजी वाटते. पाणी कोमट असतं, त्यामुळे वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख, नसतो. नियमाने तो 24.5 अंशांपर्यंतच्या पाण्यात चालतो. एकदम सगळे उड्या मारत नाहीत, थोडे थोडे सोडतात. तुम्ही मागच्या गटात उभे राहा. दम लागला तर सुरक्षेसाठी असलेल्या कयाकला (छोट्या होडीला) धरून थांबता येतं, फक्त त्याला धरून पुढे सरकायचं नाही. हा नियम माहीत नसल्याने लोक उगाच घाबरून हात मारत राहतात. समुद्राचा सराव मात्र पावसाळा सरल्यावर, माहीतगार सोबत असतानाच करा.

आता घरचे. माझं बहुतेकांपेक्षा वेगळं मत असं की शर्यतीच्या दिवशी घरच्यांनी करण्यासारखं फार थोडं असतं, आणि जे करावंसं वाटतं त्यातलं बरंचसं नियमाने बंद आहे. त्यांनी तुम्हाला पाण्याची बाटली द्यायची नाही, जेल द्यायचं नाही, टोपी द्यायची नाही, शेजारून पळायचं नाही. बाहेरून मदत घेतली म्हणून दंड बसतो, बादही करतात. सुरुवातीला असं नव्हतं. 1978 च्या पहिल्या आयर्नमॅनला पंधरा जण उतरले आणि ज्याने त्याने आपापली माणसं मदतीला आणायची अशी रीत होती. जॉन डनबार पळण्याच्या टप्प्यात पुढे होता. त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली! जिंकला गॉर्डन हॉलर. आज दर थोड्या अंतरावर पाणी, बर्फ, केळी ठेवलेले स्टॉल असतात, त्यामुळे ती गरज उरलेली नाही.

शेवटच्या पट्ट्याबद्दल मुलांना आधीच सांगा. बाबांचा हात धरून फिनिश लाइन ओलांडायची नाही. आयर्नमॅनच्या शर्यतीत घरचं माणूस त्या पट्ट्यात शिरलं तर स्पर्धक बाद होतो. दिवसभर उन्हात वाट पाहिलेल्या पोराला ऐनवेळी ‘थांब’ म्हटलं की ते रडतं, आणि मग तुमचाही जीव तुटतो. मेडल घेऊन बाहेर आल्यावर कुठे भेटायचं ती जागा आदल्या दिवशी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जाऊन बोट दाखवून ठरवा.

मग ते करतील काय? बघतील. हे ऐकायला फुसकं वाटेल, पण एकाच माणसाने तुम्हाला दर फेरीत नीट बघितलं तर त्याच्याइतकी उपयोगी मदत नाही. पळण्याच्या मार्गावर फेऱ्या असतात, म्हणजे एकाच जागी उभं राहून बायकोला तुम्ही दोन-तीनदा दिसाल. तिने एक जागा धरायची, शक्यतो पाण्याच्या स्टॉलच्या अलीकडे. दर फेरीला तिने एकच प्रश्न विचारायचा, उत्तर द्यायला किंचित डोकं लावावं लागेल असा. माझी बायको आणि मी ‘फ्लॅटचा नंबर उलटा सांग’ असं ठरवतो. चिडून का होईना, बरोबर उत्तर आलं तर ठीक. उत्तर यायला वेळ लागला, शब्द अडखळले, पाऊल सरळ पडत नसेल, किंवा एवढ्या उन्हात अंगावर काटा आला असेल, थंडी वाजतेय म्हणत असाल, तर तिने तुमच्याशी वाद घालायचा नाही. सरळ स्वयंसेवकाला किंवा वैद्यकीय पथकाला सांगायचं. तुमच्या हातात काही दिलं जात नाही, त्यामुळे त्याने नियम मोडत नाही.

उष्माघातात अंग कोरडंच पडतं असा समज आहे. पळणाऱ्याला होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतो आणि तरी आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं. खूण वागण्यात दिसते, कातडीवर नाही. अशा वेळी पहिलं काम म्हणजे बर्फाच्या पाण्याने, ओल्या टॉवेलने जागच्या जागी थंड करणं. गाडीत घालून दवाखान्याकडे पळणं त्यानंतरचं. शर्यतीत हे पथकच करतं, पण तुमच्या दुपारच्या सरावाला जो सोबत येतो त्याला हे माहीत हवं.

तर घरी बसून काय ठरवायचं ते असं. एक, दुपारचं तापमान जास्त असेल तर वेळेचं लक्ष्य सोडायचं. साडेआठ तासांच्या कटऑफमध्ये, म्हणजे शर्यत संपवायच्या मुदतीत, पोचणं एवढंच ध्येय. म्हणजे प्रत्येक स्टॉलवर चालायचं, टोपीत बर्फ घालायचा, डोक्यावर पाणी ओतायचं, घड्याळातला वेग न बघता दम बघायचा. दोन, प्यायलेलं पाणी पोटात ठरत नसेल तर पळणं बंद, चालणं सुरू. चालूनही सुधारलं नाही तर थांबायचं. तीन, बायकोने पथकाला बोलावलं तर तिथे आवाज चढवायचा नाही, आणि घरी आल्यावर ‘तुझ्यामुळे राहिलं’ असं कधीही म्हणायचं नाही. तिसरी अट सर्वांत अवघड. ती मान्य असेल तरच तिला तिथे उभं करा. वडिलांनाही एकदा बसवून सांगा की शर्यत अर्ध्यात सोडणं हा या खेळाचा भाग आहे, निकालात त्याला डीएनएफ (डिड नॉट फिनिश) म्हणतात आणि चांगले चांगले खेळाडू ते घेऊन परत आलेले आहेत. गावभर सांगायचं असेल तर शर्यत झाल्यावर सांगा म्हणावं.

वडिलांना न्यावं का, याचं उत्तर त्यांच्या तब्येतीवर आहे. तुमच्यासाठी दर दोन किलोमीटरला बर्फ आहे, त्यांच्यासाठी काही नाही, हे लोक विसरतात. रस्ते पहाटेच बंद होतात, गाडी लांब लावावी लागते, मग चालत यायचं, आणि सात-आठ तास उभं राहायचं. मी तर म्हणतो सकाळी समुद्रावर सुरुवात बघू दे, नंतर हॉटेलवर जाऊन जेवून झोप, आणि एकच्या पुढे परत. मुलांचंही तसंच. दिवसभर उभं राहायला एक माणूस पुरतो. सगळ्यांना फोनवरचं ट्रॅकिंग अ‍ॅप घालून द्या आणि सोबत एक सूचना द्या: नकाशावरचा ठिपका म्हणजे अंदाज असतो. घोट्याला बांधलेली वेळ मोजणारी चिप रस्त्यात ठरावीक जागी अंथरलेल्या मॅटवरून गेली की तेवढ्यापुरती खरी वेळ नोंदली जाते, मधल्या काळात अ‍ॅप आधीच्या वेगावरून ठिपका ढकलत राहतं. तुम्ही चालायला लागलात की ठिपका पुढे आणि तुम्ही मागे. पोहताना तर बराच वेळ काहीच हलत नाही. हे न सांगितल्यामुळे साताऱ्यात बसलेल्या आत्या-मावश्या देव पाण्यात घालून बसतात आणि तुमच्या बायकोला दर पाच मिनिटांनी फोन करतात, तेही नेमके तिने रस्त्याकडे बघायच्या वेळी.

घरच्यांची खरी कसोटी मात्र त्या रविवारी लागत नाही, त्याच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत लागते. आठवड्याला आठ-दहा तास सराव म्हणजे दर रविवारची सकाळ गेली. तुमचे सर्वांत जड आठवडे नेमके गणपती ते दसरा या काळात येणार. मोदक खा, काही बिघडत नाही, पण आरतीला थांबायचं, पाहुण्यांना बसस्टँडवर आणायला जायचं की चार तास सायकल मारायची, हे दर वेळी उंबऱ्यात उभं राहून भांडून ठरवू नका. आठवड्याच्या सुरुवातीला कॅलेंडरवर दोघांचे तास लिहा. तिचेही तास लिहा, तिला पळायचं नसलं तरी. ज्या घरात हे होत नाही, तिथे शर्यतीच्या दिवशी बॅरिकेडपलीकडे उभी असलेली व्यक्ती तुम्हाला बघत नसते, घड्याळ बघत असते.

शर्यत संपल्यावर पहिला तासभर तुम्हाला एकट्याला सोडू नये. मेडल घेऊन आडवे होऊ नका, थोडं चालत राहा, खारट काहीतरी खा, तहान लागेल तेवढंच प्या. कोरडे कपडे आणि टॉवेल बायकोच्या पिशवीत असू द्या. लघवी खूप वेळ झालीच नाही किंवा कोलासारख्या गडद रंगाची झाली तर थेट डॉक्टर, ‘उद्या बघू’ नाही. आणि त्याच संध्याकाळी गाडी चालवत साताऱ्याला निघायचं नाही. सोमवारची रजा आत्ताच टाका.

घामाची चाचणी करून झाली की आकडे इथे लिहा: आधीचं वजन, नंतरचं वजन, मधे किती प्यायलात, किती वाजता पळालात आणि त्या वेळचं तापमान. आकडे आले की सायकलवर किती बाटल्या बांधायच्या हे बघू.